गोगलगायीची बातमी

सायकलवाल्याच्या दुकानात बोलायचं काम गिऱ्हाइकाचं असे. गिऱ्हाईक म्हणे, "पंक्चर?" सायकलवाला मान हलवी. गिऱ्हाईक म्हणे, "संध्याकाळी नेऊ?" तो मान हलवी. "का उद्याच येऊ?" तेव्हाही तो मान हलवी, आणि मग सायकल नक्की कधी न्यायची हे दोघांनाही कळत नसे.

त्याची जीभ लहानपणापासून अडायची. शब्द मनात अगदी तयार असे, सरळ करून ठेवलेल्या चाकासारखा; ओठांशी आला की मात्र कशात तरी गुंतून जागच्या जागी थडथडत राही. शाळेत वाचनाच्या तासाला आपली पाळी जवळ येऊ लागली की तो पुढची उरलेली पोरं मोजू लागे. पाळी आली की पोरं त्याचं वाक्य त्याच्या आधी पूर्ण करत. एके दिवशी तो शाळेत गेलाच नाही. वडिलांनी फार विचारलं नाही. दुकानातल्या बुटक्या स्टुलावर त्याला बसवलं आणि हातात पाना दिला. चाकं काही विचारत नाहीत, उत्तरही मागत नाहीत. बरं वाटलं त्याला.

देवाबद्दल त्याची तक्रार नव्हती. देवानं जिभेच्या बाबतीत हात आखडता घेतला खरा, पण बायको देताना सगळी भरपाई केली. ती दोघांच्या वाटचं बोले, वर शेजाऱ्यांच्याही वाटचं थोडं. कपडे धुण्याच्या कारखान्यात ती कामाला होती; यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरातही ती मीठ मागे तेव्हा गल्लीतली दोन घरं मीठ शोधू लागत.

सुट्टीच्या दिवशी सायकलवाला प्रार्थनामंदिरात जाई. तिथे एक बुवा गाऊन निरूपण करत. तो मागच्या खांबाशी बसे. सगळ्यांबरोबर गाताना त्याची जीभ अडत नसे, हा आनंद तर होताच. पण त्याला खरी गोडी होती ती वेगळ्याच गोष्टीची. बुवा ओळ रंगात आणत, आणि ऐन मध्ये थांबत. हात वर, तळवा लोकांकडे. पुढचे शब्द तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असत, पण कुणी ओळ पुरी करत नसे. सगळी सभा श्वास धरून बसे. मग बुवा सावकाश हात खाली आणत आणि राहिलेले शब्द असे येत, की जणू आजच जन्मले. त्या थांबण्यात सायकलवाल्याला देव बसलेला दिसे. घरी येताना तो मनात म्हणे, तुझी कृपा, की तू थांबण्यालाही गाण्यात जागा दिलीस.

त्याच्या मुलीचं नाव टिकली. तिची जीभही बापावर गेली होती. बाकी सगळं आईवर, म्हणजे बोलायला भरपूर होतं आणि रस्ता अरुंद.

टिकली नव्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा सायकलवाल्याची देवाकडे एकच मागणी होती: हिला त्या स्टुलावर बसायची वेळ येऊ देऊ नकोस.

शाळा चांगली होती आणि टिकलीच्या बाई तर फारच चांगल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, "या वर्गात कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. ज्याचं नाव त्यानं ठेवायचं. तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू, सांगा." मग काय, पाऊसच पडला नावांचा. चाकांच्या, कुईकुई वाजणाऱ्या खुर्चीतून येणारी मुलगी म्हणाली, "मला विमान म्हणा." एक गप्प गप्प मुलगा ढग झाला. घरी वेगळी भाषा बोलणारा, दोन वर्षांपूर्वीच या गावात आलेला एक मुलगा इंजिन झाला, आणि ते नाव त्याला इतकं शोभलं की त्याची आईसुद्धा घरी त्याला तेच म्हणू लागली. टिकलीनं पाटीवर गोगलगाय काढली.

"गोगलगाय का गं?" बाईंनी विचारलं.

"घ-घर पाठीवर असतं," टिकली म्हणाली. "आणि घा-घाई नसते."

बाईंची हजेरीची पद्धतही त्यांची स्वतःचीच. नाव पुकारलं की "आलो" किंवा "आले" म्हणायचं आणि घरची एक बातमी सांगायची. दूध उतू गेलं, आजोबांचा दात पडला, काहीही. बाईंचं म्हणणं असं, की नुसतं शरीर बाकावर आलं म्हणजे मूल आलं असं नाही. बातमी आली की मूल आलं.

टिकलीकडे पहिल्याच आठवड्यात जबरदस्त बातमी होती. ती उठली. "आले. आमच्या दु-दुकानात मां... मां... मां..."

"मामा आला!" इंजिन ओरडला.

टिकलीनं मान हलवली. नाही.

"मावशी पडली!" "मांडणी कोसळली!" बाकीच्यांनाही चेव आला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. कोडं सोडवावं तशी सगळी झटत होती.

"मांजर मेलं!" इंजिन म्हणाला, आणि टिकलीचे डोळे भरून आलेले पाहून त्याला वाटलं आपलं बरोबर आलं. तो बिचारा हळहळला. मधल्या सुट्टीत त्यानं आपलं नवंकोरं, वास येणारं खोडरबर टिकलीच्या हातात ठेवलं आणि मोठ्या माणसासारखं म्हणाला, "असं होतं कधी कधी."

इंजिनचाही इलाज नव्हता. अर्धे शब्द आणि अर्धे अंदाज यांच्या जोरावरच तो ही भाषा शिकला होता. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण पोचायचं, हीच त्याची शाळा झाली होती.

घरी आल्यावर टिकलीनं दप्तर आपटलं. "मां-मांजर मेली नाहीये!"

"मेली कशाला, मगाशी माझ्या पायात आली होती," आई म्हणाली. "पिल्लांसाठी दूध मागत होती."

"तेच तर! मला सं-संपवूच देत नाहीत!"

रोज असंच होऊ लागलं. टिकली उठे, सुरू करे, आणि तिची बातमी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, दुसरीच होऊन बाहेर पडे. शेवटी आई नवऱ्याला म्हणाली, "मला रजा मिळत नाही. या वेळी तुम्ही जा. एकच वाक्य बोलायचंय, बाई, मुलांना जरा थांबायला सांगा. बास. देवाचं नाव घ्या आणि जा."

तो गेला. वाटभर ते वाक्य त्यानं पायडलच्या तालावर घोळवलं. शिक्षकांच्या खोलीत बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तो बसला नाही.

"बा... बा... बा..."

बाईंच्या डोळ्यांत माया दाटून आली. आणि मायेला धीर नसतो. समोरचा माणूस अडकलाय, कपाळावर घाम आलाय, हे त्यांना बघवेना.

"गोगलगायीबद्दल बोलायचंय?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली.

"हजेरीच्या वेळचं?"

मान हलली.

"तिला फार त्रास होतो. माझ्याही लक्षात आलंय ते."

मान हलली.

"मग तिला बोलायला लावूच नये. असंच ना?"

आणि मान हलली! उतारावर ब्रेक नसलेली सायकल जशी थांबत नाही, तशी ती जन्मभराची सवयीची मान आपली हलली. दुकानात हलते तशीच. 'नाही' हा शब्द त्याच्या मनात निघाला, ओठांपर्यंत आला आणि तिथेच थडथडत राहिला. तोवर बाई म्हणाल्या, "बरं केलंत आलात. काळजी करू नका." घंटा झाली. बाई वर्गाकडे गेल्या आणि सायकलवाला रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा राहिला.

"बोललात?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"झ-झालं," तो म्हणाला. झालं होतं हे खरं. काय झालं होतं, ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून बाई हजेरीला म्हणू लागल्या, "गोगलगाय आली आहे, दिसतेय मला," आणि गोड हसून पुढचं नाव घेऊ लागल्या. मुलांनाही त्यांनी प्रेमानं बजावलं, की तिला कुणी काही विचारून त्रास द्यायचा नाही. मुलं गुणी, त्यांनी अक्षरशः पाळलं. खेळात गट पाडताना तिला कुणी विचारीना, कुठल्या गटात येतेस. वाचनाची पाळी तिच्या डोक्यावरून उडी मारून मागच्या बाकावर जाऊ लागली. सगळे तिच्याशी हसत. सगळे तिला आधी पाणी पिऊ देत. पाहुणी आली होती जणू वर्गात, चार दिवसांनी जाणारी.

पहिल्या दिवशी टिकलीला हायसं वाटलं. मग हळूहळू ती गप्प झाली. घरीसुद्धा. ज्या मुलीला "पुरे गं बाई आता" म्हणायची आईला सवय, तिच्या तोंडून जेवताना दोन शब्द निघेनात.

आणि एका सकाळी सायकलवाला दुकानात आला, तर टिकली बुटक्या स्टुलावर बसलेली. हातात पाना. दप्तर घरीच.

"शा-शाळा?" त्यानं विचारलं.

"तिथे मी न-नसले तरी चालतं," टिकली म्हणाली. "बाबा, मी इथेच ह-हजर राहते."

 तेच स्टूल, तोच पाना. चाकं काही विचारत नाहीत, हे त्याच्या पोरीलाही कळलं होतं.

टिकलीची आई कामावर निघाली होती, ती दारातच थांबली. तिनं लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, तुम्ही त्या दिवशी बाईंना काय सांगितलंत?"

तो बोलू लागला. अडला. बायको थांबली. तिला कामाला उशीर होत होता, तरी ती थांबली. हे तिचं नेहमीचंच होतं आणि त्यासाठी तो देवाचे रोज आभार मानी. अखेर सगळं बाहेर आलं: बाईंचे प्रश्न, आणि ती शेवटची मान.

"म्हणजे हो म्हणून आलात!"

"मा-मान हलली."

"हलली? आपोआप? नंदीबैल परवडला हो, तो निदान धन्यानं विचारल्यावर तरी डोलतो!" मग तिचा आवाज खाली आला. तो खाली आला की ती खरी बोलत असे. "माझ्यासमोर बोलता तसं तिथे बोला. वेळ लागला तर लागू दे. लोकांचा वेळ काही सोन्याचा नाही. आणि मी येणार नाही हं तुमच्याबरोबर. मी आले तर मीच बोलेन, माझं मला माहीत आहे."

ती गेली.  मांजरीचं एक पिल्लू जुन्या टायरमधून डोकावून परत आत गेलं. मग सायकलवाल्यानं तेलाची बुधली उचलली.

"विमानाचं चा-चाक अजून वाजतं?" त्यानं टिकलीला विचारलं.

"कु-कुईकुई. फार."

"चल. ते-तेल घालू."

तेल घालायला जायचं म्हटल्यावर टिकलीला नाही म्हणता येईना. हे शाळेत जाणं नव्हतं, काम होतं. ती सायकलच्या मागे बसली, बुधली छातीशी धरून.

वर्गात हजेरी चालू होती. बाईंनी त्यांना दारात पाहिलं आणि "या, या" म्हणाल्या. टिकली आपल्या बाकाच्या टोकाला बसली, उठून जायला सोपं पडेल अशी. सायकलवाला विमानाच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसला आणि चाकाच्या कण्यात थेंब थेंब तेल सोडू लागला.

"काका, उजवंपण," विमान कुजबुजली. "उजवं जास्त नाटकी आहे."

"ढग," बाईंनी पुकारलं.

"आलो. काल आमच्याकडे वीज गेली आणि आम्ही सगळे एकाच खोलीत झोपलो."

"वा! इंजिन?"

"आलो बाई माझी आई पोहायला शिकतेय आणि काल तिच्या नाकात पाणी गेलं आणि ती आमच्या भाषेत काहीतरी बोलली ते इथे सांगता येणार नाही!"

"नकोच सांगूस. गोगलगाय आली आहे, दिसतेय मला," बाई हसून म्हणाल्या. "आता..."

सायकलवाला उभा राहिला. हातात बुधली, गुडघ्यांना धूळ.

"बा... बा..."

"बादली!" इंजिनच्या तोंडून निघालंच. "बाहेर जायचंय! काका, बाटली पाहिजे का?"

बाईंचेही ओठ उघडले. त्यांच्या डोळ्यांत तीच माया आली, तोच प्रश्न तयार झाला, आणि सायकलवाल्याची मान हलायला सज्ज झाली. त्याला ती हललेली जाणवली, केसभर. त्याच क्षणी, कसं ते देव जाणे, त्याचा मोकळा हात वर गेला. तळवा वर्गाकडे. मागच्या खांबाशी बसून त्यानं जो हात इतक्या वर्षांत पाहिला होता, तसाच्या तसा.

वर्ग थांबला. बाईंनी ओठ मिटले. इंजिननं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

शब्द अजून अडलेलाच होता, पण आता भोवती जागा होती. कुणी त्याला ढकलत नव्हतं. सायकलवाल्यानं श्वास घेतला. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्या झाडूचा आवाज वर्गात ऐकू येत होता.

"बाई. त्या दि-दिवशी मी मान हलवली. ती चु-चुकून." तो थांबला. हात वरच होता. "तिला बो... बोलायचं आहे. वे-वेळ लागेल. तिला ग-गाळू नका. थां... थांबा."

हात खाली आला. एवढं मोठं भाषण त्यानं लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग मुलांकडे वळल्या आणि हजेरी जणू आत्ताच तिथवर पोचली आहे अशा आवाजात म्हणाल्या,

"गोगलगाय."

टिकली उठली नाही. तिनं बापाकडे पाहिलं. तो तिथेच उभा होता, बुधली तिरपी झालेली, तेलाचा एक थेंब त्याच्या बुटावर पडत होता. त्यानं मान हलवली नाही, हात केला नाही. नुसता थांबला.

टिकली उठली.

"आले. आमच्या दु-दुकानात... मां... मां..."

इंजिनचा चेहरा लाल झाला. त्यानं तोंड आणखी घट्ट दाबलं. ढग खिडकीकडे बघत होता तो वळून बसला. विमानानं आपल्या खुर्चीचे हात धरले.

"मां... मांजरीला पिल्लं झाली!"

वर्गानं श्वास सोडला. "किती?" दोघं-तिघं एकदम म्हणाली, पण नुसता प्रश्न विचारला, उत्तर कुणी दिलं नाही.

"ती-तीन. पण ही ब-बातमी आता शिळी झाली." टिकलीनं कमरेवर हात ठेवले. तिची आई ठेवते तसे. "पिल्लं मो-मोठीसुद्धा झाली. डोळे उ-उघडले, टा-टायरमध्ये झोपायला लागली. तुम्ही ऐकलंच ना-नाही!"

मग जो हशा झाला! टिकलीसुद्धा हसली, सगळ्यांत जास्त. बाई टेबलाला टेकून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

इंजिननं तोंडावरचे हात काढले. "म्हणजे मांजर मेलं नाही?"

"ना-नाही!"

"मी इतके दिवस त्याच्यासाठी झोपताना देवाला सांगत होतो!" तो म्हणाला. क्षणभर विचार केला. "मग माझं खोडरबर?"

"सं-संपत आलंय," टिकली म्हणाली. "अ-अर्धं देते."

सायकलवाला निघाला तेव्हा टिकली बाकाच्या टोकावरून आत सरकून बसली होती. आपलं दप्तर घरी राहिलंय हे ती साफ विसरली होती आणि ढगाच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. विमान खुर्ची पुढेमागे करून बघत होती. आवाज येत नव्हता.

बाई फाटकापर्यंत आल्या. "त्या दिवशी तुमचं वाक्य मी तुमच्या हातातून काढून घेतलं," त्या म्हणाल्या. "आणि वर समाधान वाटलं मला, की मी तुमचं ओझं उचललं."

"तुम्ही मा... मा..."

बाईंनी खालचा ओठ दातांत धरला. चांगलाच धरला. सायकलवाल्याला ते दिसलं आणि त्याला हसू फुटलं. त्या हसण्यातच शब्द सुटला.

"मायेनं के-केलंत."

"मायेला आता जरा शिस्त लावते," बाई म्हणाल्या.

त्या वर्गाची हजेरी मग लांबत गेली. टिकलीसाठी थांबायला शिकलेली मुलं इतरांसाठीही थांबू लागली. ढग, जो एका वाक्यावर बसे, त्याच्याकडे दुसरं वाक्यही असतं असं कळलं; ते यायला फक्त वेळ घेई. एकदा इंजिननं आपल्या घरच्या भाषेत बातमी सांगितली. कुणाला अक्षर कळलं नाही, तरी सगळी शेवटपर्यंत बसली, आणि इतका बडबड्या मुलगा खाली बसताना का रडला, हे त्यालाही सांगता आलं नाही. मोठ्या सरांनी एकदा वर्गात डोकावून विचारलं, "बाई, पहिला तास संपत आला, अजून हजेरीच?" "हो सर," बाई म्हणाल्या, "अजून येतायत मुलं." सरांनी भरलेल्या बाकांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि गेले.

सुट्टीच्या दिवशी सायकलवाला प्रार्थनामंदिरात मागच्या खांबाशी बसला. बुवांनी ऐन रंगात हात वर केला. सभा थांबली. त्याचे डोळे वाहू लागले आणि त्यानं पुसले नाहीत. देवा, मी वर्षानुवर्षं गाणं ऐकायला येत होतो असं मला वाटत होतं, तो मनात म्हणाला. तू माझा हात शिकवत होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकली त्याच्या आधी तयार होऊन सायकलच्या मागे बसली. दप्तर पाठीवर, वेणी घट्ट. आज तिच्याकडे दोन बातम्या होत्या आणि कोणती सांगायची हा प्रश्न होता. त्यानं पाय पायडलवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "ड... ड..."

त्याच्या मनात शब्दांची रांग लागली. डोकं दुखतंय का? डास चावला? इंजिनसारखं ओरडावंसं त्यालाही वाटलं. त्यानं पाय खाली टेकला, हँडल धरलं, आणि थांबला. गल्लीतून दूधवाला गेला. पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला. सकाळचं ऊन मडगार्डवर चढत होतं, आणि सायकलवाला मनात म्हणत होता, तुझे उपकार रे, तुझे उपकार.

"ड-डबा राहिला," टिकली म्हणाली.

आणि तेवढ्यात घरातून, दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिची आई डबा घेऊन धावत आली.